गिटारला बाइंडिंग बसवताना: पताम मारण्यापासून स्क्रेपरच्या शेवटच्या हातापर्यंत

बंद झालेल्या गिटारच्या बॉक्सवरून बोट फिरवलं की टॉप आणि साइड जिथे भेटतात ती कड सगळ्यात नाजूक लागते. स्प्रूसचा टॉप जेमतेम अडीच ते तीन मिमी जाडीचा. नेकच्या आणि शेपटीच्या, म्हणजे नेकच्या उलट टोकाच्या, बाजूला त्याचे रेषे कापले जाऊन उघडे पडलेले असतात आणि हवेतला ओलावा तिथूनच सगळ्यात लवकर आत-बाहेर करतो. टेबलाला जराशी ठेच लागली तरी पहिला टवका याच कडेचा उडतो. ही कड कापून पायरीसारखी जी खाच करतात ती पताम, आणि त्या पताममध्ये कठीण लाकडाची किंवा प्लास्टिकची जी पट्टी बसवतात ती बाइंडिंग. तिच्या आतल्या अंगाला टॉपवर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा दिसतात ती पर्फलिंग. दोन्ही सजावटीत मोडतात हे खरं, पण बाइंडिंगचं पहिलं काम कड झाकण्याचं आणि राखण्याचं.

आपल्याकडे हे काम परकं नाही. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तबलीच्या (वरच्या लाकडी तक्त्याच्या) कडेने सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि नक्षी बसवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला एखादा चांगला तंबोरा बघायला मिळाला तर कडेच्या पट्टीचा सांधा जरूर शोधा. तो पटकन सापडत नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या गाळ्यावर जी मुलं गिटार घडवायला शिकतात, ती या टप्प्याला येऊन थबकतात. त्यांना भीती वाटते ती ग्लूची: वेळेत चिकटेल का, पट्टी सुटेल का. माझं म्हणणं असं की ग्लूचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि पताम सरळ असेल तर ते बिघडायला फारसा वाव राहत नाही. खरा जीव लावायचा तो त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. म्हणून या लेखातही जास्त जागा त्या दिवसांना दिली आहे.

आधी हवा बघा

जून ते सप्टेंबर ठाण्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, पावसाच्या झडीत ९० च्या आसपास. एकीकडे खाडी, दुसरीकडे येऊरचे डोंगर, त्यामुळे पाऊस थांबला तरी हवा लगेच कोरडी होत नाही. गिटारचं काम मात्र ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत व्हावं, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. दमट हवेत टॉप आडवा फुगतो. तशा फुगलेल्या टॉपला बाइंडिंग लावून ते तासून एकसारखं केलं आणि नंतर ती गिटार एसीच्या खोलीत गेली की टॉप आकसतो, पट्टी मात्र आहे तिथेच राहते. मग कडेला बोटाला लागणारी पायरी तयार होते आणि पॉलिशवर बारीक रेघ उमटते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा या कामाचा हंगाम. त्याशिवाय करायचं असेल तर एक लहान खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवा किंवा डीह्युमिडिफायर लावा. बॉक्स आणि पट्ट्या दोन्ही निदान आठवडाभर त्याच खोलीत राहू द्या.

आर्द्रतामापकाच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ घ्या, ते ओलसर होईल एवढंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. शेजारी मापक ठेवून झाकण लावा आणि रात्रभर सोडा. २५ अंशांच्या आसपास आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी सांगतो आहे, एवढा हिशेब पुढे धरायचा.

पट्टी कशाची

पहिल्या गिटारला लाकडाची पट्टी घ्या, असं मी सांगतो. ती वाकवावी लागते हे खरं, पण चुकली तर ती काढता येते, तासता येते, बारीक फट भरता येते. शिसवीची साइड असेल तर मेपलची फिकट पट्टी खुलून दिसते. महोगनीला शिसवीची पट्टी शोभते. आपल्याकडची शिसवी ही कामाला फार गुणी: गरम पाइपवर सहज वळते आणि स्क्रेपरखाली (लाकूड खरवडायच्या पातळ पोलादी पात्याखाली) चकाकते. डॅल्बर्जिया, म्हणजे शिसवीची सगळी जात, ब्राझीलची शिसवी सोडून (ती त्याहून कडक पहिल्या परिशिष्टात आहे), २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, पण नुसतं लाकूड किंवा पट्ट्या देशाबाहेर पाठवायच्या तर कागदपत्रं लागतात.

पट्टीचं माप साधारण २ मिमी जाड आणि ६ ते साडेसहा मिमी उंच. एका बाजूला सुमारे ८०० ते ८५० मिमी लांबी लागते. टॉपला दोन, बॅकला दोन अशा चार पट्ट्या, आणि एक जास्तीची हवीच, कारण मेपल मोडतं. पट्ट्या स्वतः कापणार असाल तर सरळ रेषेच्या लाकडातून कापा. वाघनक्षीचं मेपल पुढच्या गिटारसाठी ठेवा.

प्लास्टिकमध्ये एबीएस आणि सेल्युलॉइड हे दोन मुख्य प्रकार. सेल्युलॉइडची झळाळी हस्तिदंताच्या जवळ जाते. पण ते वर्षानुवर्षं आकसत राहतं, म्हणूनच जुन्या गिटारींच्या कंबरेत पट्टी सुटून बाहेर आलेली दिसते. शिवाय ते भडकन पेटतं. एबीएस त्या मानाने शांत. विकणाऱ्याला प्रकार सांगता येत नसेल तर तुकडा थोड्या ॲसिटोनमध्ये टाकून बघा. एबीएस आणि सेल्युलॉइड विरघळू लागतात, पीव्हीसी नुसतं फुगून मऊ पडतं. पीव्हीसी निघालं तर ॲसिटोनच्या भरवशावर ते चिकटवू नका.

ट्रिमर (पताम मारायचं हातातलं यंत्र), बिट (त्याचं फिरणारं पातं) आणि क्लॅम्पसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारली की बहुतेक सगळं हाताशी येतं.

पतामच्या आधी बॉक्स

टॉप आणि बॅकचा बाहेर आलेला भाग साइडबरोबर एकसारखा करा. नंतर साइड. वाकवलेल्या साइडवर हलक्या लाटा राहतात, विशेषतः कंबरेच्या वर-खाली. ट्रिमरच्या बिटवरचं बेअरिंग साइडला टेकून चालतं, त्यामुळे साइडची प्रत्येक लाट जशीच्या तशी पताममध्ये उतरते. लांब ठोकळ्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून साइड घासा, मग स्क्रेपर. ठिकठिकाणी गुण्या लावून बघा.

आमच्या शेजारच्या गाळ्यात मॉड्युलर किचनचं काम चालतं. तिथले मिस्त्री एकदा उघडा बॉक्स हातात घेऊन म्हणाले, "दादा, तुमचं ट्रिमरचं काम मला बघायचं नाही. आधी ही साइड गुण्यात आहे का ते दाखवा." मायक्याच्या कामात मुरलेला माणूस, त्याची नजर थेट मुद्द्यावर गेली.

लायनिंग, म्हणजे साइडच्या आतून कडेने चिकटवलेली आधाराची पट्टी, हीही आत्ताच तपासा. साइड २.२ मिमी जाड आणि बाइंडिंग २ मिमी, म्हणजे पतामच्या जागी साइड जवळजवळ संपते आणि टॉपला धरून ठेवायचं काम एकट्या लायनिंगवर येतं. लायनिंग निदान ६ मिमी रुंद हवं आणि सगळीकडे पक्कं चिकटलेलं हवं. कडेने बोटाच्या पेराने ठोकत जा. कुठे आवाज पोकळ किंवा फुटका आला तर साउंडहोलमधून आरसा आणि छोटा दिवा घालून बघा आणि तिथे आधी ग्लू भरा.

शेवटी टॉपच्या कडेने दोन बोटं रुंदीचा भाग लाखेच्या पातळ द्रावणाने दोनदा पुसून घ्या. मेणविरहित लाख घ्या. तीन फायदे होतात: स्प्रूसचे रेषे ट्रिमरखाली कमी फाटतात, टेप काढताना लाकूड सोलून येत नाही, आणि शिसवीचा जांभळट रंग फिकट स्प्रूसमध्ये पाझरत नाही.

पताम

फर्निचरच्या कामात ट्रिमरचा तळ फळीवर सपाट टेकतो. गिटारचा टॉप आणि बॅक सपाट नसतात, ते घुमटासारखे उचललेले असतात, बॅक तर जास्तच. तळ तसाच टेकवला तर ट्रिमर बाहेरच्या बाजूला कलतो आणि पताम तिरकी होते. म्हणून दोन गोष्टी हव्यात. एक, बॉक्स असा अडकवायचा की साइड सगळीकडे उभी राहील. दुसरी, ट्रिमर अशा चौकटीत बसवायचा की तो वर-खाली सरकेल पण कलणार नाही, आणि बिटच्या भोवती एक छोटी गोल गादी असेल जी फक्त कडेजवळच टॉपला टेकेल. अशी चौकट ड्रॉवरच्या सरकपट्ट्या आणि १८ मिमी प्लायवर बनवता येते. गादी लेथवर नायलॉनची कातून घ्या. ती पर्फलिंगच्या खाचेच्या आतल्या अंगाला टेकली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कापाच्या वेळी खाचेत घसरेल.

बिट आणि बेअरिंगचा हिशेब सोपा आहे. दोन्हींच्या व्यासातला फरक निम्मा केला की कापाची रुंदी मिळते. २२ मिमीचं बिट आणि १८ मिमीचं बेअरिंग म्हणजे २ मिमी. पर्फलिंग दीड मिमीची असेल तर तिच्यासकट रुंदी साडेतीन मिमी हवी, म्हणून बेअरिंग १५ मिमीचं.

आधी पर्फलिंगची उथळ, रुंद खाच मारा, दीड मिमी खोल. मग बाइंडिंगची खोल, अरुंद पताम. क्रम उलटा केला तर पर्फलिंग कापताना बेअरिंगला टेकायला साइड उरत नाही, ते पताममध्ये शिरतं आणि खाच जास्त रुंद होते. पर्फलिंगची खाच टॉपच्या जाडीच्या निम्म्याच्या थोडीच पुढे जावी. पौणे तीन मिमीच्या टॉपमध्ये दीड मिमी ठीक.

गिटारला हात लावायच्या आधी हे सगळं टाकाऊ तुकड्यावर करून बघा. तुकड्यात खरी पट्टी आणि खरी पर्फलिंग बसवून बघा. पट्टी वरून आणि बाजूने कागदाच्या दोन-तीन घड्यांइतकी, म्हणजे पाव मिमीच्या आसपास, बाहेर राहिली पाहिजे. नंतर पट्टी तासून लाकडाला आणता येते. लाकूड तासून पट्टीला आणायला गेलात तर टॉपची जाडी जाते.

आता दिशा. स्प्रूसचे रेषे गिटारच्या लांबीने जातात आणि कड वळत जाते, त्यामुळे ट्रिमर चुकीच्या दिशेने गेला की रेषा उचलली जाऊन लांब चिरफळी निघते. नियम एकच: रुंद जागेकडून अरुंद जागेकडे. खालच्या घेराच्या सगळ्यात रुंद जागेपासून कंबरेकडे, आणि तिथूनच शेपटीकडे. वरच्या घेराच्या रुंद जागेपासून कंबरेकडे, आणि तिथूनच नेककडे. दोन्ही अंगांना असे आठ भाग. यातल्या निम्म्या भागांत बिट फिरण्याच्या दिशेनेच ट्रिमर जातो आणि तो हातातून पुढे पळू पाहतो. तिथे दोन्ही हातांनी धरा, बॉक्स नीट बांधलेला असू द्या आणि एका वेळी जेमतेम अर्धा मिमी घ्या. पूर्ण खोली दोन-तीन फेऱ्यांत गाठा. शेवटची फेरी सावकाश, बेअरिंग साइडला सतत टेकलेलं.

साउंडहोलवर पुठ्ठा चिकटवून ठेवा, नाहीतर सगळा भुसा आत जाऊन ब्रेसवर (आतल्या आधारपट्ट्यांवर) बसतो. शिसवीची धूळ अनेकांच्या अंगावर उठते, श्वासालाही त्रास होतो, तेव्हा एन-९५ मास्क लावाच. घरी करणार असाल तर सोसायटीत दुपारी दोन ते चारची वेळ टाळा. ट्रिमरचा आवाज तीन मजले खाली ऐकू जातो.

बिट कोपऱ्यात रेषे सोडतं. छोट्या धारदार पटाशीने ते कापून काढा आणि चपट्या कानशीचा एक हात फिरवा. मग नख कोपऱ्यात टेकवून पूर्ण घेरा फिरवा. नख ज्या जागी अडखळतं तिथे पट्टीही बसणार नाही. डोळ्याला न दिसणारी गाठ नखाला लागते, म्हणून ही फेरी मी दोनदा मारतो: एकदा दिवसा, एकदा मोबाइलचा उजेड आडवा पाडून.

शेपटीचा सांधा

दोन्ही साइड जिथे मिळतात तिथे शेपटीवर एक निमुळती पाचर बसवतात, बहुधा बाइंडिंगच्याच लाकडाची. ती पताम मारण्याआधी बसलेली हवी. पाचरीच्या दोन्ही कडांना पर्फलिंगची रेघ असेल आणि बाइंडिंगच्या खालीही रेघ फिरणार असेल तर त्या दोन रेघा ४५ अंशांत मिळायला हव्यात. हे काम पटाशीचं आहे, घाईचं नाही. पटाशी अशी लावा की धारेत आपल्या बोटाचं प्रतिबिंब दिसेल. पाचरीची रेघ थोडी लांब ठेवा आणि बाइंडिंगची रेघ तिच्यावर आडवी धरून पेन्सिलऐवजी धारदार सुरीने खूण करा. एकेक केस कापत जा आणि प्रत्येक वेळी बसवून बघा. काळी रेघ काळीला आणि पांढरी पांढरीला भिडली की हात थांबवा. नेकच्या टोकाला एवढा त्रास नाही, तिथला सांधा फिंगरबोर्ड आणि हील (नेकचा बुंधा) झाकून टाकतात.

पट्टी वाकवणं

प्लास्टिकला हेअर ड्रायरची ऊब पुरते. लाकडाला गरम पाइप लागतो, साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो नुसता उकळत बसला तर पाइप थंड आहे, टुणटुण उड्या मारत निसटला तर तयार आहे.

पट्टी भिजवत ठेवायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी पाण्याचा फवारा मारा आणि कंबरेपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात घट्ट वळण तिथेच आहे आणि ते हुकलं तर बाकी सगळं सरकतं. बॉक्सवर पट्टी धरून कंबरेची खूण आधीच करून ठेवा. ताणल्या जाणाऱ्या बाजूला पातळ स्टीलची पट्टी धरली तर मेपल फुटत नाही. जोर लावू नका. लाकूड तापून मऊ पडलं की हाताला कळतं, दाब तेवढाच असतो पण पट्टी अचानक सरकते. हा क्षण एकदा हाताला सापडला की पुढे चुकत नाही. वळण हवं त्याहून किंचित जास्त द्या, गार झाल्यावर पट्टी थोडी उलगडते. मग ती साच्यावर बांधून रात्रभर सोडा.

पट्टीला पर्फलिंगची रेघ आधीच चिकटवलेली असेल तर पाइपच्या उष्णतेने ती सुटू शकते. मी पट्टी आधी वाकवतो आणि रेघ नंतर लावतो.

पट्टीची आतली खालची कड पॉलिश पेपरच्या एका हाताने किंचित मारून घ्या. पतामचा कोपरा कधीच पूर्ण काटकोनात नसतो आणि जास्तीच्या ग्लूलाही जायला जागा लागते.

कोरडी बसवणी

ग्लूशिवाय पूर्ण पट्टी टेपने बसवून बघा. सगळी, एकाच वेळी. बोटाच्या हलक्या दाबाने ती तळाला आणि भिंतीला टेकली पाहिजे. जिथे अंगठ्याचा जोर लागतो तिथे ती परत पाइपवर न्या. टेप लावून पाच मिनिटं थांबा, मग टॉपच्या रेषेत डोळा ठेवून सगळीकडे उजेड फिरवा. फट दिसली तर कारण शोधा: कोपऱ्यात रेषा, पट्टीला पीळ, की वळण कमी. ग्लू फट भरेल अशा आशेवर पुढे जाऊ नका.

चिकटवणं

लाकडाच्या पट्टीला पिवळा वुड ग्लू, टाइटबाँड ओरिजिनलच्या जातीचा. तो कडक सुकतो, स्क्रेपरखाली स्वच्छ निघतो आणि पुढे कधी दुरुस्ती करायची तर उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. साधा पांढरा पीव्हीए ग्लूही धरतो, पण मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या गिटारवर तो हळूहळू सरकतो. जुनी माणसं सरस वापरत. तो उत्तम आहे, पण काही क्षणांत गोठतो, तेव्हा सवय होईपर्यंत नको. फेविक्विकसारखा पातळ ग्लू कोरड्या बसवलेल्या फटीत सोडणारेही आहेत. लाख न मारलेल्या स्प्रूसमध्ये त्याचा डाग खोल जातो आणि मग तो निघत नाही.

सुरुवात करण्याआधी टेपचे बोटभर लांबीचे पन्नास-साठ तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीने लटकवा. पंखा बंद करा, त्याच्या वाऱ्याने ग्लूवर साय धरते. शक्य असेल तर एक जोडीदार घ्या, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने टेप द्यायची.

एका वेळी एकच पट्टी. शेपटीला कोन मिळवायचा असेल तर तिथूनच सुरू करा, कारण तो सांधा नंतर हलवता येत नाही. शेपटीचा सांधा साधा असेल तर कंबरेपासून दोन्हीकडे जाणं मला जास्त पटतं. पताममध्ये दोन्ही अंगांना ब्रशने पातळ ग्लू लावा, हातभर लांबीच्या पुढे जाऊ नका. आधी पर्फलिंग, तिला चिकटून बाइंडिंग. टेप साइडला खाली चिकटवा, ताणून पट्टीवरून टॉपवर आणा आणि दाबा. दर दोन-तीन सेंटीमीटरला एक. प्रत्येक टेपनंतर पर्फलिंगची रेघ वर उचलली नाही ना ते बघा. ग्लूचे बारीक मणी सगळीकडे एकसारखे बाहेर आले तर काम जमतंय. जिथे मणी नाहीत तिथे ग्लू कमी आहे किंवा पट्टी टेकलेली नाही.

टेप झाली की वरून बांधा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापल्या तर त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. रबराचा काळा डाग पडू नये म्हणून खाली बटर पेपर घाला. ट्यूब बाहेरच्या वळणांवर छान आवळते, पण कंबरेत ती अधांतरी राहते. तिथे वळणाच्या मापाचा लाकडी ठोकळा आधी ठेवा, आतून कॉर्क लावलेला, आणि त्याच्यावरून ट्यूब ओढा. हा ठोकळा आदल्या दिवशीच करून ठेवायचा.

चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात केलंच असेल तर दोन दिवस.

प्लास्टिकची रीत थोडी वेगळी. एबीएसचे कापलेले तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट ग्लू तयार होतो. तो लाकडात मुरतो आणि पट्टीचा पृष्ठभाग वितळवून धरतो. पातळ थर द्या, जास्त झाला तर पट्टी लिबलिबीत होते. पर्फलिंगही प्लास्टिकची असेल तर तीही वितळते, हे ध्यानात असू द्या. ॲसिटोनची वाफ ठिणगीने पेट घेते. खिडक्या उघडा, आणि सकाळी गाळा उघडल्यावर लावलेली उदबत्ती विझली आहे का ते बघूनच बरणीचं झाकण काढा.

प्लास्टिकला निदान तीन दिवस द्या. ॲसिटोनने फुगलेली पट्टी दुसऱ्याच दिवशी तासून एकसारखी केली तर ती सुकताना खाली बसते आणि कडेला खड्डा राहतो.

टेप काढणं आणि तासणं

टेप सरळ वर खेचू नका. हेअर ड्रायरने कोमट करा, मग जवळजवळ स्वतःवरच दुमडत, टॉपच्या मध्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश काढा. रेषा उचलली जाताना दिसली तर थांबा आणि दुसऱ्या टोकाकडून या.

आता स्क्रेपर. पॉलिश पेपर इथे घाईघाईत वापरू नका. काळ्या पर्फलिंगची आणि शिसवीची धूळ स्प्रूसच्या रेषांत घुसते आणि टॉप मळकट होतो. स्क्रेपरच्या एका टोकाला दोन-तीन थर टेप गुंडाळा. ते टोक टॉपवर सरकतं आणि उघडी धार फक्त पट्टीवर चालते. इथेही रुंदीकडून अरुंदीकडे. पहिल्या काही हातांत वाळलेल्या ग्लूचा पिवळट भुगा निघतो. मग मेपलचे पातळ, गुंडाळलेले छिलके येऊ लागतात आणि त्यांच्या खालून काळी-पांढरी रेघ एकदम स्पष्ट उमटते. पट्टी लाकडाला मिळत आली की टेप काढा आणि शेवटचे एक-दोन हात अगदी हलके. साइडच्या अंगालाही असंच. शेवटी ठोकळ्यावर १८० आणि मग २२० नंबर. धूळ ब्रशने किंवा व्हॅक्युमने काढा, थिनरच्या फडक्याने पुसू नका.

केसाएवढी फट राहिली असेल तर बाइंडिंगच्याच लाकडाची बारीक धूळ आणि लाखेचा थेंब पुरतो. त्याहून मोठी असेल तर त्याच लाकडाची निमुळती सळी कापून ग्लूसकट सरकवा. भरणा मोठ्या फटीत कधी लपत नाही. पट्टीचा वीतभर भागच सुटला असेल तर तिथे ओला कापड-तुकडा आणि इस्त्रीचं टोक धरून ग्लू मऊ करा, पातळ पात्याने उचला, कोपरा साफ करा आणि पुन्हा बसवा.

कडा धारदार ठेवू नका. धारेवर पॉलिश टिकत नाही, तिथला थर सगळ्यात आधी झिजतो. २२० नंबरने अर्धा ते एक मिमीची गोलाई द्या, टॉपच्या बाजूला कमी, बॅकला थोडी जास्त, कारण ती वाजवणाऱ्याच्या बरगडीला टेकते.

एवढं झाल्यावर लगेच पॉलिशला घेऊ नका. त्याच कोरड्या खोलीत बॉक्स आठवडाभर टांगून ठेवा. मग डोळे मिटून बोटाच्या टोकाने टॉप, पर्फलिंग, बाइंडिंग, साइड असा आडवा हात फिरवा, ठिकठिकाणी. कुठे पायरी लागली तर स्क्रेपरचा एक हात द्या आणि आणखी दोन दिवस थांबा. ती पुन्हा आली नाही की साइड आणि बॅकला पोअर फिलर (लाकडाची बारीक छिद्रं भरणारा लेप) लावायला हरकत नाही. फिलर रंगीत असेल तर त्याआधी मेपलच्या पट्टीवर लाखेचे दोन हात मारून घ्या, नाहीतर रंग तिच्यात शिरेल.